विषाणू, बी पेशी आणि मुंबईचा पुरावा

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने त्याच्या आईच्या रक्ततपासणीचा अहवाल माझ्यापुढे ठेवला. एका खासगी प्रयोगशाळेचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला होता आणि चांगले घसघशीत पैसे आकारले होते. अहवालात 'ईबीव्ही' या तीन अक्षरांपुढे ठळक 'पॉझिटिव्ह' छापले होते. भाचा म्हणाला, "मामा, विषाणू सापडला. आता यावर काहीतरी औषध असेलच ना?" माझी बहीण पलंगावर बसून ऐकत होती. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, होऊन पंचवीस वर्षे उलटली आहेत. तोच 'पॉझिटिव्ह' शेरा माझ्या रक्तात, खालच्या वॉचमनच्या रक्तात आणि हा लेख वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या रक्तात निघाला असता, हे मला त्या मुलाला सांगावे लागले. जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांना एपस्टाइन-बार विषाणूची लागण होऊन गेलेली असते. तपासणी खोटी नव्हती, पण तिने आम्हाला काहीही सांगितले नव्हते.

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झालो, बँकेत सत्तावीस वर्षे काढून स्वेच्छानिवृत्ती घेतली. १९९९ साली बहिणीच्या उजव्या डोळ्यापुढे अचानक धुके आले, तेव्हापासून या आजारावर मिळेल ते वाचत आलो; आधी शब्दकोश हाताशी धरून, मग पाठ्यपुस्तके, मग मूळ शोधनिबंध. पहिली दोन वर्षे तिला 'टेन्शन घेऊ नका' एवढाच सल्ला मिळाला. मे महिन्यात घाटकोपर स्टेशनचा पूल चढताना तिची नजर पुसट व्हायची आणि घरी पंख्याखाली बसली की परत यायची. हे सगळ्यांना नाटक वाटे. अंग तापले की एमएसची लक्षणे वाढतात, हे विल्हेल्म ऊटहोफ नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९० मध्येच लिहून ठेवले होते, हे मला फार उशिरा कळले. शिकलेला माणूस नसल्याचा एक तोटा म्हणजे गोष्टी उलट्या क्रमाने हाती लागतात.

या आजारात शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशी मेंदूतल्या, मज्जारज्जूतल्या आणि दृष्टिचेतेतल्या तंतूंवरचे मायलिन नावाचे आवरण खरवडतात. त्या असे का करतात, हा दीडशे वर्षांचा प्रश्न आहे. 'एमएसचे कारण सापडले' असे मथळे २०२२ च्या जानेवारीत ज्या निबंधामुळे झळकले, त्याची मला इथे चिकित्सा करायची आहे. निबंध उत्तम आहे. माझी तक्रार त्यातून जे काढले गेले त्याबद्दल आहे, आणि ते काढताना मुंबईसारख्या शहरांचा विचारच झाला नाही त्याबद्दल.

'सायन्स'मधला तो निबंध हार्वर्डच्या अल्बर्टो अशेरिओ आणि शेटिल ब्योर्नेविक यांच्या गटाचा. अमेरिकी सैन्यात एचआयव्हीच्या तपासणीसाठी वेळोवेळी रक्त घेतात आणि उरलेला रक्तरस गोठवून ठेवतात. वीस वर्षांत सेवेत असलेल्या एक कोटीहून अधिक जवानांमधून त्यांनी पुढे एमएस झालेले ९५५ जण शोधले. त्यांतल्या ८०१ जणांचे आजारापूर्वीचे नमुने उपलब्ध होते. पहिल्या नमुन्यात ईबीव्हीचा मागमूस नसलेले फक्त ३५ निघाले, आणि त्या ३५ पैकी ३४ जणांना एमएसची लक्षणे दिसण्याआधी या विषाणूची लागण झालेली होती. आजार न झालेल्या तुलनेच्या गटात तशी लागण साधारण निम्म्यांनाच झाली. लागण झालेल्यांना धोका ३२ पट. सायटोमेगालो नावाचा तसाच लाळेतून पसरणारा दुसरा विषाणू तपासला, त्याचा काही संबंध दिसला नाही. चेतातंतूंची झीज दाखवणारे एक प्रथिन रक्तात वाढते ते लागणीनंतरच, आधी नाही. आधी काय आणि नंतर काय, हा क्रम इतक्या स्पष्टपणे याआधी कुणी दाखवला नव्हता. बँकेतल्या माणसाला तारखांची किंमत कळते. मी हा निबंध वाचून रात्रभर जागा होतो.

सकाळी मात्र एक गोष्ट खटकली. ते ३५ जण कोण होते? सैन्यात भरती होण्याच्या वयापर्यंत ज्यांना ईबीव्ही झालाच नव्हता असे. म्हणजे या निबंधाने मोजली ती तरुणपणी झालेली लागण. ३२ हा आकडा निघाला तो अशा उशिरा लागण झालेल्यांची तुलना अजिबात लागण न झालेल्यांशी करून. आता घाटकोपरच्या किंवा भांडुपच्या चाळीत विशीपर्यंत ईबीव्हीपासून दूर राहिलेला माणूस शोधून दाखवा. हा विषाणू लाळेतून जातो. आपल्याकडे बाळाचे पहिले जेवण म्हणजे उष्टावण. आजी घास मऊ करून भरवते, भावंडे एका ताटात जेवतात, पाण्याचा तांब्या सगळ्यांना एकच. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊ जण होतो. अशा घरांत ही लागण पहिल्या काही वर्षांतच होते आणि साध्या तापाने निघून जाते, बहुधा कळतही नाही. 'लागण न झालेला' असा गटच जिथे जवळपास नाही, तिथे ३२ पट हा आकडा उचलून आणता येत नाही. वर्तमानपत्रांनी तो आणला, आणि त्याच्या मागोमाग प्रयोगशाळांची पॅकेजेस आली.

मग विषाणू निर्दोष आहे का? तसेही नाही. त्यासाठी तो राहतो कुठे ते पाहावे लागते. १९६४ मध्ये लंडनला अँथनी एपस्टाइन, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग यांनी युगांडातल्या मुलांच्या जबड्याच्या गाठींमधून वाढवलेल्या पेशींत तो पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. या विषाणूचे वैशिष्ट्य असे की तो आपल्याला ज्या पेशींनी त्याच्यापासून वाचवायचे त्यांच्यातच बिऱ्हाड करतो. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी हे त्याचे घर. टॉन्सिलमध्ये तो त्यांच्यात शिरतो आणि शेवटी 'स्मृतिपेशी' म्हणवणाऱ्या, वर्षानुवर्षे टिकणाऱ्या बी पेशींत गप्प बसतो. निरोगी माणसात दहा लाख बी पेशींमागे अशा जेमतेम एक ते पन्नास. पण त्या आयुष्यभर राहतात.

तो तिथवर पोहोचतो कसा, हे मला बँकेमुळे चटकन समजले. ठरावीक रकमेवरचा व्यवहार एका सहीवर होत नाही. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून मंजूर करायची. बी पेशीचेही तसेच आहे. तिला ओळखीचा शत्रू भेटला ही पहिली सही; मदतनीस टी पेशीने 'हो, हा शत्रूच' असे सांगितले ही दुसरी. दोन्ही असतील तरच ती वाढते आणि टिकते. शरीराच्याच घटकांवर चालून जाणाऱ्या कितीतरी बी पेशी रोज जन्मतात आणि दुसरी सही न मिळाल्यामुळे मरून जातात. ईबीव्ही या दोन्ही सह्या बनावट करतो. त्याचे एलएमपी-२ए नावाचे प्रथिन पहिल्या सहीची नक्कल करते, एलएमपी-१ दुसरीची. शत्रू नसताना आणि मंजुरी नसताना पेशी पुढे सरकते. ब्रिस्बेनचे मायकल पेंडर यांनी २००३ मध्ये नेमके हेच बोट ठेवले: ज्या आत्मघाती बी पेशीने मरायला हवे होते ती विषाणूच्या खोट्या सह्यांवर जगली, मेंदूत जाऊन बसली, आणि तिला मारायला जबाबदार असलेल्या टी पेशी कमजोर पडल्या, तर एमएस होईल. एमएसच्या सगळ्या उपपत्तींत ही मला सर्वांत सुसंगत वाटते, कारण तिच्यात विषाणू एकटा काही करत नाही. करते ती विषाणूने बिघडवलेली पेशी.

सुसंगत असणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे. रोमच्या बार्बारा सेराफिनी आणि फ्रान्चेस्का अलोइसी यांच्या गटाने २००७ मध्ये २२ मृत रुग्णांचे मेंदू तपासून २१ मध्ये ईबीव्हीग्रस्त बी पेशी असल्याचे जाहीर केले. मेंदूच्या आवरणांत त्यांचे थवे होते. पुढच्या तीन वर्षांत इतर गटांनी तेच शोधायचा प्रयत्न केला, त्यांना एक तर काही सापडले नाही किंवा अगदी तुरळक सापडले. रंग देण्याच्या पद्धतीवरून दोन्ही बाजूंनी बरेच वाद झाले. मी दोन्ही बाजू वाचल्या आणि माझे मत असे की रोमच्या गटाने पाहिले ते खोटे नसावे, पण '२२ पैकी २१' या आकड्यावर इमारत उभारू नये.

दुसरा दावा स्टॅनफर्डच्या विल्यम रॉबिन्सन यांच्या गटाचा, तोही २०२२ च्या जानेवारीत, 'नेचर'मध्ये. ईबीव्हीच्या ईबीएनए-१ या प्रथिनाचा एक तुकडा मेंदूतल्या ग्लायलकॅम नावाच्या प्रथिनासारखा दिसतो. विषाणूसाठी बनवलेली प्रतिपिंडे चुकून मेंदूला चिकटतात. निबंध अतिशय नेटका आहे. पण अशी प्रतिपिंडे रुग्णांपैकी साधारण चौथ्या हिश्शातच वाढलेली आढळली. उरलेल्या तीन हिश्शांचे काय? शिवाय चेहरेपट्टी सारखी म्हणून माणूस चुकून पकडला जातो, ही कल्पना ऐकायला इतकी सोपी आहे की ती गरजेपेक्षा जास्त लोकप्रिय झाली आहे.

माझ्या दृष्टीने खरा पुरावा औषधांतून आला, आणि तोही कुणी शोधत नसताना. रितुक्सिमॅब हे बी पेशींच्या कर्करोगावरचे औषध. २००८ मध्ये स्टीफन हाउझर आणि सहकाऱ्यांनी ते १०४ एमएस रुग्णांवर तपासले; मेंदूतले नवे ताजे डाग जवळजवळ थांबले. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशींना हे औषध हात लावत नाही, तरीही गुण आला. म्हणजे दोष प्रतिपिंडांत नसून बी पेशीतच होता. याच्या बरोबर उलट धडा अटासिसेप्टने दिला. तेही बी पेशींवरचेच औषध, प्रतिपिंडे खरोखर कमी करणारे. एमएसमध्ये त्याने झटके वाढवले आणि २००९ मध्ये चाचणी थांबवावी लागली. फरक काय? अटासिसेप्ट स्मृतिपेशींना सोडून देते. लंडनचे डेव्हिड बेकर आणि सहकारी यांनी २०१७ मध्ये एमएसची औषधे शेजारी शेजारी मांडून दाखवले की गुणकारी औषधे सगळी कुठल्या ना कुठल्या मार्गाने स्मृती बी पेशी कमी करतात. ईबीव्हीचे घर तेच. हा प्रत्यक्ष पुरावा नाही, परिस्थितिजन्य आहे, पण तो मला रोमच्या २१ मेंदूंपेक्षा जड वाटतो.

त्याच न्यायाने प्रतिकूल पुरावाही मांडला पाहिजे. पेंडर यांनी रुग्णांच्याच टी पेशी प्रयोगशाळेत ईबीव्हीविरुद्ध तयार करून परत दिल्या; २०१८ मध्ये दहापैकी सात जणांना बरे वाटल्याचे त्यांनी लिहिले. तुलनेला दुसरा गट नव्हता. मग त्याच धर्तीवर दात्यांच्या टी पेशींपासून एटीए-१८८ हे औषध बनले, त्याची रीतसर तुलनात्मक चाचणी झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ती अपयशी ठरली. विषाणूग्रस्त पेशीच मूळ असेल तर ती मारल्यावर गुण यायला हवा होता. कुणी म्हणतात मात्रा कमी पडली, कुणी म्हणतात रुग्णांचा आजार फार पुढे गेला होता. असेलही. पण ज्या उपपत्तीला प्रत्येक अपयशानंतर नवी सबब लागते, तिच्याबद्दल मी सावध होतो, ती कितीही आवडती असली तरी.

आता मुंबई. १९७५ मध्ये भीम सेन सिंघल आणि नोशीर वाडिया यांनी मुंबई परिसरातल्या एमएस रुग्णांचा पहिला बारकाईचा आढावा घेतला. आपल्याकडे हा आजार नसतोच, असे पाठ्यपुस्तके सांगत तो काळ. पुढे सिंघल यांनी रुग्णालयांतल्या नोंदींवरून लाखामागे १.३३ असा अंदाज दिला. पाश्चात्त्य देशांत तेव्हा हा आकडा कित्येक पटींनी मोठा होता. आणि १९८८ मध्ये 'न्यूरॉलॉजी' नियतकालिकात नादिर भरुचा, एडी भरुचा, वाडिया, सिंघल आदींचा मुंबईतल्या पारशांवरचा निबंध आला: लाखामागे २१. हेच शहर, हाच उकाडा, हाच पाऊस, आणि पंधरापट फरक.

मी अंधेरी पूर्वेला, साल्सेट पारशी कॉलनीच्या जवळ राहतो. तिच्या फाटकावरून रोज जाताना हा आकडा आठवतो, आणि रोज त्याच्यावर एक आक्षेपही सुचतो. त्या वेळी मुंबईत पारशी सुमारे पन्नास हजार. लाखामागे २१ म्हणजे प्रत्यक्षात दहाच्या आसपास माणसे. शिवाय ही मोजणी एका अशा समाजाची, ज्याची स्वतःची रुग्णालये, स्वतःच्या वसाहती, नीट ठेवलेल्या नोंदी, आणि ज्याचे मज्जाविकारतज्ज्ञ त्याच समाजातले. माझी बहीण दोन वर्षे 'टेन्शन'मध्ये मोजली गेली. कॉलनीतल्या बाईचे निदान कदाचित दोन महिन्यांत झाले असते. उरलेल्या मुंबईचा १.३३ हा आजाराचा आकडा आहे की निदानाचा? मंगळूर शहरात लेखा पंडित यांच्या गटाने शोध घेतला तेव्हा, २०१४ च्या निबंधात, लाखामागे आठाहून थोडे अधिक मिळाले. म्हणजे पंधरापट फरकातला बराच भाग बहुधा मोजणीचा होता. दुसरी अडचण अशी की डोळा आणि मज्जारज्जू यांना धरणारा एनएमओ हा वेगळा आजार आहे, हे २००४ मध्ये त्याचे प्रतिपिंड सापडल्यावरच पक्के झाले. जुन्या भारतीय नोंदींत काही एनएमओ एमएसच्या नावाने बसलेले असणार.

एवढे वजा करूनही फरक उरतो, असे मला वाटते. तो रक्ताचा की राहणीचा? पारशी इराणातून आले, त्यामुळे जनुके हे सोपे उत्तर. पण इंग्लंडमधला एक जुना निबंध मला स्वस्थ बसू देत नाही. मार्टा एलियन आणि जेफ्री डीन यांनी दाखवले की भारतीय उपखंडातून इंग्लंडला गेलेल्या लोकांत एमएस कमीच राहतो, पण त्यांच्या तिथे जन्मलेल्या मुलांत तो इंग्रजांइतका होतो. निबंध १९९० चा. डॉक्टर तेच, देश तोच, आईबाप आणि मुले एकाच रक्ताची. जनुके एका पिढीत बदलत नाहीत. बदलते ते बालपण: कमी भावंडे, स्वतंत्र ताट, स्वतंत्र खोली, आणि म्हणून उशिरा येणारा ईबीव्ही. (इंग्लंडातल्या ढगाळ हवेचा, म्हणजे ड जीवनसत्त्वाचा वाटा मी नाकारत नाही.) पारशी घरांतही लग्ने उशिरा, मुले एक-दोन, जागा ऐसपैस. तिथे लागण उशिरा होत असावी, हा माझा तर्क. त्याला तर्कच म्हणावे. पण तो तपासता येण्याजोगा आहे. पारशी आणि बिगरपारशी लहान मुलांच्या रक्तात ईबीव्हीची प्रतिपिंडे कोणत्या वयात दिसू लागतात, एवढेच बघायचे आहे. बोरिवली-मुलुंडच्या टू-बीएचकेमध्ये वाढणारी एकुलती मुले आता अशाच बालपणात आहेत. त्यांच्यासाठी ही मोजणी मुंबईतच व्हायला हवी. अमेरिकी सैन्याच्या शीतगृहात तिचे उत्तर मिळणार नाही.

अशेरिओंच्या निबंधाला मुंबई खोडत नाही. मुंबई त्याला विचारते की विषाणू सगळ्यांना, तर आजार इतक्या थोड्यांना का? आणि उत्तर विषाणूत नसून तो कोणत्या वयात, कोणत्या पेशीत, किती टोळ्यांच्या पहाऱ्यात शिरला, यात आहे, असे मला वाटते. लहान मुलाची प्रतिकारयंत्रणा त्याला शांतपणे सामावून घेते. सतराव्या वर्षी तोच विषाणू आला तर टी पेशींचा केवढा तरी दंगा उसळतो. महिनाभर ताप, मानेत गाठी, ज्याला ग्रंथिज्वर म्हणतात. तो होऊन गेलेल्यांत एमएस अधिक, हे अनेक देशांत दिसले आहे.

या सगळ्यात माझी बहीण बसत नाही. दहा बाय बारा, नऊ माणसे, एकच तांब्या. माझ्या तर्काप्रमाणे तिला ईबीव्ही दुधाच्या दातांच्या वयात व्हायला हवा होता आणि एमएस व्हायला नको होता.

तिला दर सहा महिन्यांनी रितुक्सिमॅब देतात. या जुलैत मी बरोबर होतो. आधी ॲलर्जीचे इंजेक्शन देतात, त्याने पेंग येते. बाहेर पाऊस धो धो. मी तिला हा लेख लिहितोय म्हणून सांगितले, चाळीची अडचणही सांगितली. ती डोळे मिटूनच म्हणाली, "दादा, बारावीला मी परीक्षा बुडवली होती, आठवतं? महिनाभर ताप. मानेत गाठी."

"त्या टीबीच्या होत्या. सहा महिने गोळ्या घेतल्यास."

"तपासलं कुठे होतं? गाठी बघून गोळ्या दिल्या."

मुंबईत मानेतल्या गाठी म्हटल्यावर डॉक्टरने क्षयरोग धरला, यात मी त्याला दोष देणार नाही. दहापैकी नऊ वेळा तो बरोबर ठरला असता. गाठी ग्रंथिज्वराच्याही असतील, आणि चाळीत राहूनही तिला विषाणू तोवर चुकला असेल. घरी आल्यावर मी तिच्या जुन्या फायली काढल्या. १९९९ पासूनचे सगळे आहे. त्याआधीचे केसपेपर आईने कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवले होते, आणि २६ जुलै २००५ ला तळमजल्यावरच्या त्या घरात कमरेएवढे पाणी होते.